गोलरक्षक नातवंड आणि आपण

रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी यांविषयी आपण या पाक्षिकातून नेहमी वाचता. आज थोड्या निराळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधायचे आहे. घरातील दहा-बारा वर्षांचे नातवंड शाळेच्या फुटबॉल संघात गोलरक्षक असेल, तर त्याचे कौशल्य आणि आत्मविश्वास वाढवण्यात आजी-आजोबांचा वाटा किती मोठा असू शकतो, हा तो विषय. आपल्यापैकी अनेकांनी हा खेळ कधी खेळलेला नसेल. त्यावाचून काही अडत नाही. प्रशिक्षकाचे काम प्रशिक्षक करील. मी सांगणार आहे ते काम अंगणात बसून करता येण्याजोगे आहे.

आपला भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. हलक्या धानाची कापणी आटोपली की रिकाम्या बांध्यांत मुलांचे खेळ सुरू होतात. अधिक करून क्रिकेटच. पण फुटबॉलही आता दिसू लागला आहे. शेजारच्या नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांना हाताशी धरून ‘स्लम सॉकर’ सुरू केले, आणि २०२२ च्या ‘झुंड’ चित्रपटाने ती हकिकत घरोघरी पोहोचवली. शाळांसाठी १९६० पासून सुब्रतो मुखर्जी करंडक स्पर्धा आहे. त्यामुळे तालुक्याच्या गावातही हातमोजे घालून गोलापुढे उभे राहणारे एखादे मूल भेटते.

माझ्या दवाखान्यात असेच एक मूल आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) बारा वर्षांचा मुलगा, सोबत आजी. आईवडील दिवसभर कामावर. आजी म्हणाली, “डॉक्टरसाहेब, म्याच असली की याचं पोट दुखते. बाकी दिवशी काही नाही.” पोट तपासले, दोष आढळला नाही. आदल्या महिन्यात त्याच्या संघावर पाच गोल झाले होते आणि परतताना सोबत्यांनी वाटभर त्यालाच बोल लावले होते. त्याने खेळ सोडायचे ठरवले होते. मात्र घरी सांगायचे धाडस नव्हते. ते सांगण्याचे काम पोट करीत होते.

वाचकहो, अशा वेळी “नाटक करतो” असे कृपया म्हणू नका. ताणाने होणारी पोटदुखी खरीच असते. भीतीच्या वेळी शरीरात जी रसायने स्रवतात त्यांनी छाती धडधडते, तळहात घामेजतात आणि आतड्यांची हालचाल बदलते. परंतु दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, वारंवार उलट्या, ताप किंवा शौचातून रक्त असेल, तर तो ताण समजून थांबू नका; तत्काळ डॉक्टरांना दाखवा.

गोल का होतो?

मुलाला धीर देण्यापूर्वी त्याच्यासमोरचे काम केवढे आहे ते आपण समजून घेतले पाहिजे. पूर्ण आकाराचा गोल ७.३२ मीटर रुंद व २.४४ मीटर उंच असतो. म्हणजे २४ फूट बाय ८ फूट. बारा फूट बाय सोळा फूट खोलीची जमीन भिंतीसारखी उभी करा आणि तिच्यापुढे साडेचार फुटांचे मूल उभे करा. लहान मुलांसाठी लहान गोल लावायचे असतात ते याचसाठी. तो लावला आहे की नाही, हे शाळेत विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

पेनल्टी किक ११ मीटरांवरून मारली जाते. ताशी ९० किलोमीटर वेगाने निघालेला चेंडू हे अंतर अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात कापतो. डोळ्यांनी पाहून शरीराने हलू लागण्यातच सेकंदाचा सुमारे पाचवा भाग खर्च होतो. उरलेल्या क्षणात मोठ्यांचीही तारांबळ उडते. इस्रायलमधील संशोधकांनी २८६ पेनल्टी किकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे २९ टक्के चेंडू गोलाच्या मध्यभागी आले होते. पण गोलरक्षक जागेवर उभे राहिले ते जेमतेम ६ टक्के वेळा. संशोधकांच्या मते, उभे राहून गोल झाला तर “काहीच केले नाही” असे वाटते, म्हणून माणूस कुठे तरी झेपावतोच. व्यावसायिक खेळाडूंनाही लोकांच्या नजरेचे एवढे ओझे वाटते, तर बारा वर्षांच्या मुलाचे काय?

त्या मुलाला मी २०१७ ची आठवण सांगितली. त्या वर्षी १७ वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, आणि गोलापुढे होता मणिपूरचा धीरज सिंह. अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिन्ही संघांनी आपल्याला हरवले. तीन सामन्यांत नऊ गोल झाले. तरीही स्पर्धेनंतर ज्याचे मनापासून कौतुक झाले, त्यांत धीरजचे नाव अग्रभागी होते. लोकांनी झालेल्या गोलांबरोबर अडवलेले चेंडूही मोजले. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, “नऊ झाले तरी?” मी म्हणालो, “नऊ झाले तरी.”

अंगणातील सराव

आत्मविश्वास नुसत्या शाबासकीने येत नाही. “तू शूर आहेस” असे शंभरदा सांगण्यापेक्षा एक गोष्ट हातात पक्की बसली, की मुलाला स्वतःलाच ते कळते. वैद्यकीय महाविद्यालयात असताना मीही संघाचा गोलरक्षक होतो. तेव्हा शिकलेले मूलभूत चार पाठ येथे देतो.

पहिला पाठ उभे राहण्याचा. पाय खांद्यांइतके फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, भार टाचांवर न देता चवड्यांवर, हात कमरेच्या वर पुढे. चेंडू मारला जाण्याच्या क्षणी धावत न राहता या स्थितीत स्थिर व्हायचे.

दुसरा हातांचा. छातीच्या वर आलेल्या चेंडूसाठी दोन्ही अंगठे जवळ आणि बोटे पसरलेली. कमरेखालच्या चेंडूसाठी करंगळ्या जवळ, बोटे जमिनीकडे. चेंडू हातात आला की लगेच छातीशी घ्यायचा. येथे आपले काम सुरू होते. खुर्चीवर बसून, चार-पाच पावलांवरून, मऊ चेंडू हलकेच टाकत राहा. वीस वेळा वर, वीस वेळा खाली. त्याचा हात बसतो आणि आपल्या खांद्यालाही हालचाल मिळते. खांदा आखडलेला किंवा दुखरा असेल, तर चेंडू जमिनीवरून सरपटत सोडला तरी चालतो.

तिसरा पाठ पडण्याचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. झेपावण्याची भीती ही बहुधा पडण्याची भीती असते. कोपरावर, गुडघ्यावर किंवा पोटावर पडायचे नसते. मांडीची बाजू, कंबर, बरगड्यांची बाजू आणि खांदा अशा क्रमाने एका कुशीवर उतरायचे असते. हे आधी बसून, मग गुडघ्यांवरून, मग उकिडवे होऊन आणि शेवटी उभ्याने करायचे. जोपर्यंत खालची पायरी सहज जमत नाही, तोपर्यंत वरची नको. आपल्याकडे तणसाला तोटा नाही. कोरड्या तणसाचा जाड थर पसरून वर जुनी ताडपत्री घातली की उत्तम गादी होते. मात्र आधी काठीने तणस हलवून पाहावे. त्यात विंचू-सापाचे भय असते.

चौथा पाठ आवाजाचा. सारे मैदान समोर दिसते ते एकट्या गोलरक्षकाला. म्हणून “माझा!”, “डावीकडे बघ!” असे त्याने मोठ्याने सांगायचे असते. अबोल मुलांना हेच कठीण जाते. गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर गोलरक्षक असूनच भारतीय संघाचे कर्णधार झाले. त्यांना १९९७ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. नातवाला किंवा नातीला अंगणात खुशाल ओरडू द्या. नातीचा उल्लेख मुद्दाम केला आहे: अदिती चौहान ही आपली गोलरक्षक २०१५ मध्ये इंग्लंडच्या वेस्ट हॅम महिला संघाकडून खेळली आहे.

आजीचे पडणे

त्या मुलाची आजी दीड वर्षापूर्वी न्हाणीघरात घसरून पडली होती. मनगटाचे हाड जुळले, पण भीती गेली नाही. ती अंगणापलीकडे जाईनाशी झाली होती. माझ्या वयोवृद्ध रुग्णांत हे वारंवार दिसते. पडण्याच्या भीतीने चालणे कमी होते, चालणे कमी झाल्याने मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, तोल ढळू लागतो, आणि त्यामुळे पडण्याचा धोका उलट वाढतो.

तिला मी दोन व्यायाम दिले: भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, आणि ओट्याला धरून टाचा उचलणे. डोळे तपासून घेतले. उभे राहताना रक्तदाब उतरतो का ते पाहिले. झोपेची गोळी खरोखर लागते का याचा विचार केला. गुळगुळीत झालेली चप्पल बदलायला सांगितली. आणि नातवाचा सराव पाहायला रोज मैदानापर्यंत, काठी घेऊन, चालत जायला सांगितले. एक गोष्ट येथे स्पष्ट करतो: मुलांप्रमाणे पडण्याचा सराव आपण मुळीच करायचा नाही, आपली हाडे तशी राहिलेली नाहीत. आपण शिकायचे ते इतकेच, की भीती घालवायची तर बेताबेताने त्याच गोष्टीच्या जवळ जावे लागते.

दुखापतीकडे कसे पाहावे?

चेंडू बोटाच्या टोकावर आदळून शेवटचे पेर वाकून राहिले आणि सरळ होईना, तर बोट ओढू नका. त्याला आठवडेच्या आठवडे पट्टी बांधून सरळ ठेवावे लागते, आणि मध्येच पट्टी सोडली की केलेले वाया जाते. मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा कोवळा भाग असतो. मोठ्यांची जी ‘लचक’ असते, ती मुलांत त्या भागाची मोड असू शकते. म्हणून सुजलेले, दाबल्यावर दुखणारे मनगट चोळू नका, तेल लावून मालिश करू नका, एक्स-रे काढा.

डोक्याला मार लागून मूल गोंधळले, चक्कर आली, डोके दुखू लागले किंवा मळमळले, तर त्या दिवशी पुन्हा खेळायचे नाही, मग सामना कितीही महत्त्वाचा असो. उलट्या, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, झटके किंवा जागे होण्यास जड जाणे ही रुग्णालयात नेण्याची लक्षणे आहेत. हलवता येणारी लोखंडी गोलचौकट जमिनीत घट्ट रोवलेली असावी. तिला लोंबकळण्याने ती अंगावर कोसळून मुलांचे जीव गेले आहेत. आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात सराव सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावरच व्हावा; सोबत पाणी असावे.

सामन्यानंतरचे बोलणे

“किती गोल झाले?” हा प्रश्न घरातून काढून टाका. त्याऐवजी “आज कोणता चेंडू चांगला पकडलास?” असे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मूल रडले तर रडू द्या. लगेच समजूत घालू नका. जेवणानंतर, ते स्वतः बोलू लागले तर, एकच गोष्ट निवडा: उद्या काय सुधारायचे? एकच. आईवडिलांना ही उसंत बहुधा नसते. आपल्यापाशी ती आहे. शिवाय आयुष्यात कितीदा हरून आपण पुन्हा उभे राहिलो, याची गोष्ट आपल्याच तोंडी शोभते.

तो मुलगा अजून खेळतो. त्याच्यावर अजूनही गोल होतात. पोटदुखीसाठी मात्र तो पुन्हा आला नाही. आजी आली होती रक्तदाब दाखवायला, आणि घाईत होती. “चार वाजता सराव असते,” ती म्हणाली.

आपल्या घरीही असे नातवंड असेल, तर आज संध्याकाळी एक खुर्ची अंगणात मांडा आणि एक मऊ चेंडू जवळ ठेवा. सुरुवातीला दहा मिनिटे पुरेत.