भिंतीवरचे बटण

म्हैसूरचा राजवाडा रविवारी सायंकाळी दिव्यांनी उजळतो. जवळजवळ लाखभर दिवे एकाच क्षणी लागतात आणि समोर जमलेल्या गर्दीतून आनंदाचा उद्गार निघतो. वीज या प्रदेशाला लवकर लाभली. १९०२ साली कावेरीवर शिवनसमुद्र येथे जलविद्युत तयार होऊ लागली. ती आधी कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली, १९०५ मध्ये बंगळूरच्या रस्त्यांवर आली आणि पुढे म्हैसूर शहरातही पोहोचली.

नोकरीनिमित्त याच शहरात येऊन राहिलेल्या एका मराठी कुटुंबात मात्र एकच दिवा काही केल्या कामाला लागत नव्हता. घरातील आजींची खोली आणि न्हाणीघर यांच्यामध्ये एक अरुंद बोळ आहे. रात्री उठल्यावर त्यांना अंधारात चाचपडावे लागू नये, म्हणून मुलाने तेथे ‘स्मार्ट’ दिवा आणला. असा दिवा घरातील वाय-फायशी जोडला, की मोबाइलवरून लावता-मालवता येतो. वेळ ठरवून दिल्यास आपोआप मंदही तेवतो. पण तो जोडलाच जाईना. मुलगा तीन संध्याकाळ स्टुलावर चढत-उतरत राहिला.

अशा वेळी दिवाच बिघडलेला आहे, असे वाटते. बहुधा तसे नसते. आजचे पुष्कळ राउटर दोन प्रकारच्या लहरींवर चालतात : २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. दुसरी वेगवान खरी, पण भिंती ओलांडताना लवकर क्षीण होते. आणि बहुतेक स्मार्ट दिव्यांना केवळ पहिलीच कळते. मोबाइल दुसरीवर असेल, तर कित्येकदा दोघांची गाठ पडत नाही. मुलाने राउटरमधील दुसरी लहर तात्पुरती बंद केली. पासवर्डमधील एक कॅपिटल अक्षर चुकले होते, ते सुधारले. मोबाइलने मागितलेली लोकेशनची परवानगी आधी नाकारली होती, ती दिली. मग दिवा बोळातून काढून राउटरजवळच्या होल्डरमध्ये बसवला आणि माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे बटण भराभर चालू-बंद केले. दिवा लुकलुकू लागला. हे लुकलुकणे म्हणजे नवी ओळख करून घेण्याची त्याची तयारी. मिनिटभरात तो जोडला गेला आणि पुन्हा बोळात विराजमान झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलच्या पडद्यावर तो दिवा पुन्हा बेपत्ता! राउटर ठीक, पासवर्ड ठीक. कारण निघाले ते भिंतीवर. विजेच्या बिलाचा हिशेब आयुष्यभर सांभाळलेल्या आजींनी पहाटे नेहमीप्रमाणे बटण बंद केले होते. बटण बंद झाले, की दिव्याची वीजच तुटते. मग मोबाइलने कितीही हाका मारल्या, तरी तो ओ देत नाही. सर्वांत साधे कारण हेच असते आणि ते सर्वांत शेवटी सुचते.

मुलाने बटण चालू केले, त्यावर चिकटपट्टी लावली आणि मोबाइलवरून दिवा मालवून ठेवला. रात्रीची वेळ ठरवून द्यायचे काम उद्यावर गेले. त्या रात्री आजी उठल्या. बोटे सवयीने बटणापाशी गेली आणि चिकटपट्टीवर थांबली. मोबाइल मुलाच्या उशाशी होता. कोणालाही हाक न मारता त्या भिंतीच्या आधाराने गेल्या आणि तशाच परत आल्या. सकाळी चहा घेताना त्यांनी एवढेच विचारले, “दिवा लावायला तुला उठवायचं का रे आता?” प्रश्नात तक्रार नव्हती, म्हणूनच तो मुलाला अधिक लागला.

म्हातारपणी माणसाच्या हातून एकेक गोष्ट सुटत जाते. त्यांत आपल्या घरातला दिवा असावा, हे बरे नव्हे. मुलाने त्याच दिवशी चिकटपट्टी काढली, बोळात साधा एलईडी दिवा लावला आणि स्मार्ट दिवा बैठकीच्या खोलीत नेला. तेथे तो रंग बदलून नातवाचे मनोरंजन करतो.

पुढे पावसाळ्यात एका रात्री वीज गेली आणि दोनच्या सुमारास परत आली. असे दिवे वीज परतताच बहुधा आपोआप पूर्ण तेजाने लागतात. तसे होऊ नये, अशी सूचना काहींना आधी देऊन ठेवता येते. ती द्यायची राहिली होती. सारे घर लख्ख उजळले. मुलगा उशाशी चष्मा आणि मोबाइल शोधत असतानाच आजी उठून बैठकीच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी भिंतीवरचे बटण दाबले.