दुसरी बाही

स्वेटर विणणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, त्यातलं सगळ्यात अवघड काम कोणतं? गळा, असं ती म्हणणार नाही. गळ्याचे टाके उचलताना डोळ्यांत तेल घालावं लागतं खरं, पण त्यात गंमतही असते. अवघड असते ती दुसरी बाही. पाठ विणताना लोकर नवी असते, हुरूप असतो. पुढच्या भागावर नक्षी उमटत जाते. पहिल्या बाहीला टाके कुठे वाढवायचे, मुंढा कसा बसवायचा, याचा कस लागतो. ती जमली की सगळं जमलं, आणि मग उरतं ते तंतोतंत तेच पुन्हा करणं. त्यात शिकण्यासारखं काही नसतं आणि नवल वाटण्यासारखंही काही नसतं. कितीतरी घरांच्या माळ्यावर एका बाहीचे स्वेटर पडलेले असतात ते म्हणूनच.

माझ्या हाती सुया आल्या त्या शाळेत, शिवण-विणकामाच्या तासाला. सुलट-उलट शिकून झाल्यावर प्रत्येकीने मफलर करायचा होता. आमच्या बाई दर आठवड्याला पट्टी लावून मोजायच्या आणि वहीत आकडा लिहायच्या. वर्गातल्या एकूण एक मुलीचा मफलर पुरा झाला. मोजणारं कुणीतरी होतं, आणि मफलरला बाह्या नसतात!

नोकरी लागल्यावर विणकाम लोकलच्या लेडीज डब्यात गेलं. कुणी मटार सोलायची, कुणी मेथी निवडायची, कुणी विणायची. समोरची बाई रोज विचारायची, “काय गं, बाही कुठवर आली?” ठाणं येईपर्यंत चार ओळी, दादर येईपर्यंत आणखी काही. सासूबाईंचा कार्डिगन, भाच्यांची टोपरी, दिरांचा हाफ स्वेटर, सगळं त्या गर्दीत पार पडलं. पुढे आम्ही पुण्याला आलो. ऑफिस घराजवळ, संध्याकाळ मोकळी. आता धडाधड कामं होतील असं वाटलं होतं, पण झालं उलटंच. मोकळा वेळ ‘नंतर करू’ म्हणायला फार सोयीचा असतो.

लेकासाठी गर्द हिरवा स्वेटर विणायला घातला होता तो याच काळात. पाठ, पुढचा भाग, एक बाही. मग संक्रांत आली. पुण्याची थंडी ती केवढीशी! तिळगूळ वाटून झाला की स्वेटर कुणाला हवा असतो? ‘पुढच्या दिवाळीला बघू’ म्हणून पिशवी माळ्यावर गेली. पुढच्या दिवाळीला फराळ होता, नंतर लेकाची परीक्षा. कारणं सगळी खरी होती. खोटी कारणं फार दिवस टिकत नाहीत. खऱ्या कारणांवर माणूस वर्षानुवर्षं काढू शकतो.

पिशवी उघडली तेव्हा लेकाला मिसरूड फुटलं होतं. तरी म्हटलं, पुरा करून कुणा लहानग्याला देऊ. लोकर कमी पडत होती. दुकानात तोच रंग, तोच नंबर मिळाला, पण लॉट वेगळा. लोकर रंगवतात ती घाण्याघाण्याने, आणि दर घाण्याची छटा किंचित निराळी उतरते. म्हणून तर लडीच्या कागदावर लॉट नंबर छापतात. दिव्याच्या उजेडात दोन्ही हिरवे सारखे दिसत, उन्हात नेले की वेगळे. तरी विणायला बसले. टाके तेवढेच, ओळी तेवढ्याच, पण ही बाही जुनीपेक्षा बोटभर आखूड. हात बदलला होता. तरुणपणी मी सैल विणायची, आता दोरा ओढून धरते. काम थांबतं तिथेच थांबून राहतं, आपण मात्र पुढे निघून गेलेलो असतो. म्हणून परत आल्यावर उरलेलं काम आधीपेक्षा मोठं झालेलं असतं.

एवढी वर्षं ती पिशवी मनातून मात्र गेली नव्हती. माळ्यावरून दिवाळीचा आकाशकंदील काढताना ती दिसायची आणि मी नजर दुसरीकडे वळवायची. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1927 साली बर्लिनमधले आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा मध्येच तोडलेली कामं लोकांच्या जास्त लक्षात राहतात, असं त्यांना आढळलं. पुढच्या प्रयोगांत दर वेळी तसं दिसलं नाही, पण माझ्या पिशवीपुरतं तरी त्या बाईंचं खरं आहे. चालढकलीचा अभ्यास करणारे टिमथी पिचिल आणि फ्युशिया सिरॉय यांचं म्हणणं तर मला फारच पटलं: हा प्रश्न वेळेच्या नियोजनाचा कमी आणि मनाला नकोशा वाटणाऱ्या भावनेचा जास्त. मी बाही टाळत नव्हते. पिशवी उघडल्यावर जी खजील व्हायची वेळ येते, ती टाळत होते.

शेवटी तो हिरवा स्वेटर मी उसवला. लोकरीच्या लड्या केल्या, कोमट पाण्यात बुडवून काढल्या, खाली वजन बांधून वाळत टाकल्या. वळ्या बऱ्याचशा गेल्या. त्यातून टोपी आणि हातमोजे झाले. उसवणं म्हणजे हार, असं लहानपणी वाटायचं. आता वाटतं, हे होणार नाही असं ठरवून मोकळं होणं हाही काम हातावेगळं करण्याचाच एक प्रकार आहे.

पण सगळंच उसवून कसं चालेल? श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचं काम घेतलं तेव्हा त्यासाठी चक्क कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार गोळा केले, आणि तेवीस खंड पुरे केले. एवढ्या पसाऱ्यात कंटाळवाणी दुसरी बाही किती वेळा आली असेल! विद्वत्ता तर हवीच, पण पुढच्या खंडाची वाट बघणारे वर्गणीदारही हवेत. माझ्या लोकलमधल्या मैत्रिणी म्हणजे माझ्या वर्गणीदारच होत्या. हल्ली मी काही विणायला घातलं की सुनेला मुद्दाम सांगून ठेवते. ती दर रविवारी विचारते.

दुसरी युक्ती एका म्हाताऱ्या विणकरणीने दिली. दोन्ही बाह्या एकदम घालायच्या: लांब सुया, दोन गुंडे. इकडची एक ओळ, तिकडची एक ओळ. मनगटापासून खांद्यापर्यंत दोघी बरोबर वाढतात. दोरे गुंततात, वेग निम्मा होतो, पहिली बाही पुरी झाल्याचा आनंद मिळतच नाही. पण दुसरी बाही नावाची गोष्टच उरत नाही. आणि हे सगळं पाठ घालायच्या आधी करायचं, हुरूप ताजा असताना. मी आता पत्रव्यवहार, बँकेची कामं, अगदी हा लेखसुद्धा तसाच करते. कंटाळवाणा भाग आधी. नक्षीची काळजी करावी लागत नाही, तिच्याकडे हात आपसूक वळतात.