कोर्ट काउंटीचं की राज्याचं?

सॅन होजेच्या वेस्ट हेडिंग स्ट्रीटवर सांता क्लारा काउंटीचं मुख्यालय आहे आणि त्याच रस्त्यावर फौजदारी खटल्यांची ‘हॉल ऑफ जस्टिस’ ही इमारत. सनीव्हेल-क्युपर्टिनोकडचा मराठी माणूस ज्युरीचं समन्स घेऊन इथे येतो, तेव्हा हे सगळं काउंटीचंच असणार असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात न्यायाधीशाचा पगार राज्य देतं. सरकारी वकील मात्र काउंटीचा, गरीब आरोपीची बाजू मांडणारा पब्लिक डिफेंडर काउंटीचा, आणि कोर्टरूममधला बंदोबस्तही काउंटीच्या शेरीफकडे.

पूर्वी कोर्टाच्या खर्चाचा मोठा बोजा काउंटीवरच असे. मग ज्या काउंटीची तिजोरी रिकामी, तिथल्या कोर्टाचेही हाल. 1997च्या कायद्याने कॅलिफोर्नियाने हा खर्च राज्याकडे घेतला. 1998मध्ये मतदारांनी म्युनिसिपल आणि सुपीरियर कोर्टं एकत्र करायला संमती दिली, आणि 2001पर्यंत 58 काउंट्यांमध्ये प्रत्येकी एकच सुपीरियर कोर्ट उरलं. जेमतेम बाराशे वस्तीच्या अल्पाइन काउंटीतही ते आहे आणि लॉस एंजेलिसमध्येही, जिथलं कोर्ट देशातलं सर्वांत मोठं खटला-न्यायालय आहे. त्यांच्यावर अपील न्यायालयाचे सहा विभाग, त्यांतला सहावा सॅन होजेतच. आणि सर्वांत वर सॅन फ्रान्सिस्कोतलं सात न्यायमूर्तींचं सर्वोच्च न्यायालय. फाशीच्या शिक्षेवरचं अपील मधली पायरी गाळून थेट तिथेच जातं.

व्हिसा आणि पेटंट हे संघराज्याचे विषय. पण घटस्फोट, मुलांचा ताबा, मृत्युपत्र, वेगात गाडी चालवल्याचं तिकीट यांसाठी काउंटीतल्या सुपीरियर कोर्टाचीच पायरी चढावी लागते, मग माणूस नागरिक असो वा नसो.

घरमालकाने डिपॉझिट अडवून ठेवलं, ही तर नव्याने आलेल्या कुटुंबांची नेहमीची तक्रार. भाडेकरूने घर सोडल्यावर 21 दिवसांत डिपॉझिट परत करायचं किंवा कापलेल्या रकमेचा हिशेब द्यायचा, असा कॅलिफोर्नियाचा कायदा आहे. तो पाळला नाही तर स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे याच कोर्टाच्या छोट्या रकमांच्या विभागात, दावा लावता येतो. व्यक्तीसाठी मर्यादा 12,500 डॉलर. सुनावणीत वकिलाला बाजू मांडता येत नाही. भाडेकरार, फोटो, ई-मेल घेऊन स्वतःच उभं राहायचं. मात्र दावा लावणारा हरला तर त्याला त्या निकालावर अपील नाही. अपिलाची मुभा फक्त प्रतिवादीला. म्हणून कागदपत्रं पहिल्याच दिवशी पक्की हवीत.

राज्याचा पैसा आणि काउंटीचं मत यांचं नातं किती अवघड आहे, हे याच काउंटीत दिसलं. 2016मध्ये न्यायाधीश ॲरन पर्स्की यांनी स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्याला लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात सहा महिन्यांची कैद दिली आणि संतापाची लाट उसळली. राज्याच्या आयोगाला त्यांच्या वर्तनात गैर काही आढळलं नाही. तरीही जून 2018मध्ये काउंटीच्या मतदारांनी त्यांना पदावरून परत बोलावलं. राज्यात 1932 नंतर असं पहिल्यांदाच घडलं. अनेक पब्लिक डिफेंडरांचा याला विरोध होता. मतदारांच्या धाकाने न्यायाधीश कडक शिक्षा देऊ लागतील आणि त्याची झळ गरीब आरोपींना बसेल, ही त्यांची भीती. ती रास्तच आहे.

ज्युरी ही मराठी वाचकाला अगदीच परकी गोष्ट नाही. 1959मध्ये मुंबईच्या ज्युरीने नौदल अधिकारी नानावटींना खुनाच्या खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं आणि पुढे उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. भारतात ज्युरी गेली, इथे ती आहे. पहिल्या दिवसाचं मानधन नाही, दुसऱ्या दिवसापासून रोज 15 डॉलर. ऑफिसचं काम मोडतं म्हणून समन्स टाळायची धडपड मराठी घरांतही होते. ती होऊ नये. बारा खुर्च्यांवर नव्याने नागरिक झालेला कुणीच नसेल, तर स्थलांतरित साक्षीदाराची अडखळती इंग्रजी समजून घेणार कोण?

मतपत्रिकेचंही तेच. सुपीरियर कोर्टाचे न्यायाधीश सहा वर्षांसाठी निवडले जातात. बिनविरोध असलेल्यांचं नाव सहसा छापलंच जात नाही, आणि चुरस असेल तिथे निम्म्याहून अधिक मतं मिळवणारा प्राथमिक फेरीतच निवडून येतो. फक्त नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षासाठी मतदान करणाऱ्याच्या हाती ती मतपत्रिका येते, तोवर ही निवड अनेकदा होऊन गेलेली असते.