तांड्यातील खलाशी

सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे कृष्णामाईच्या कुशीत वसलेले. समुद्राचे दर्शन आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस भूगोलाच्या पुस्तकातच घडते. तथापि समुद्राचे आमच्यावर मोठे ऋण आहे. साताऱ्याजवळील अपशिंगे या एका गावचे ४६ वीर पहिल्या महायुद्धात कामी आले. दुसऱ्या महायुद्धात १९४३ पासून मराठा पलटणी इटलीत लढल्या. त्यांचा दाणागोटा व दारूगोळा कोणत्या मार्गे गेला, हे मात्र आम्ही क्वचितच विचारतो.

तो गेला जहाजांच्या तांड्यांतून. व्यापारी जहाजे रांगा धरून चालत व भोवती लढाऊ जहाजांचा पहारा असे. पाण्याखाली पाणबुडीचे भय, तर आकाशात टॉर्पेडो टाकणाऱ्या विमानाचे. हे विमान लाटांना जणू शिवत, सरळ रेषेत येऊन आपले अस्त्र पाण्यात सोडी. मग ते अस्त्र स्वतःच्या यंत्रबळाने पाण्याखालून धावे व जहाजाच्या पोटास भगदाड पाडी. जहाजाने त्याच्या रोखाने नाळ वळवून अंग चोरावे, हा एक उपाय होता. परंतु मालाने भरलेले जहाज चटकन वळत नसे. १३ सप्टेंबर १९४२ रोजी रशियास माल नेणाऱ्या एका तांड्यावर अशी सुमारे ४० विमाने एकदम तुटून पडली आणि काही मिनिटांतच ८ जहाजे बुडाली. उरलेला तांडा तरीही पुढेच गेला.

२६ नोव्हेंबर १९४३ रोजी अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ ‘रोहना’ हे जहाज विमानातून सोडलेल्या, बिनतारी लहरींनी चालविलेल्या बॉम्बने बुडाले. त्यात ११०० हून अधिक माणसे दगावली. बहुतेक अमेरिकन सैनिक होते; परंतु जहाजाचे खलाशी बहुतांशी हिंदी होते व त्यांपैकीही पुष्कळ जण परत आले नाहीत.

आमचे आजोबा अशाच एका तांड्यातून इटलीस गेले होते. रणांगणाविषयी ते फारसे बोलत नसत. परंतु जहाजाच्या तळाशी भट्टीत कोळसा टाकणाऱ्या खलाशांची आठवण निघाली की त्यांचा स्वर जड होई. ते म्हणत, शिपायाच्या हाती बंदूक असते. त्या माणसाच्या हाती केवळ फावडे. वर काय चालले आहे हे त्यास दिसत नाही, आणि भगदाड पडले की पाणी प्रथम त्याच्याकडेच धावते.

मुंबईस जहाजांवर भरती होणाऱ्यांत रत्नागिरीचे व गोव्याचे लोक पुष्कळ असत. म्हणजे सह्याद्री उतरताच लागणाऱ्या गावांचे, आमचे शेजारीच. दुसऱ्या महायुद्धात प्राणांस मुकलेल्या ६००० हून अधिक हिंदी नाविकांची नावे मुंबईच्या इंडियन सेलर्स होममधील स्मृतिग्रंथात लिहिली आहेत. त्यांतील बहुतेकांस समुद्राखेरीज दुसरी समाधी नाही.

विद्यार्थिमित्रहो, प्रहार करणाऱ्याचे शौर्य सर्वांस दिसते. प्रहार सोसूनही हातातील काम न सोडणाऱ्याचे शौर्य दिसत नाही, म्हणून ते उणे ठरत नाही. गावच्या वीरस्तंभापुढे मस्तक नमविताना, त्या वीरांच्या मुखी घास पोहोचविणाऱ्यांसही एक नमस्कार असावा, एवढीच आमची विनंती.