फुरसुंगीचा फेणे, फूलबागेत

फास्टर फेणे दिसतो कसा, असे पुण्या-मुंबईच्या वाचकाला विचारले तर तो बहुधा एखाद्या नटाचे नाव घेईल. आम्हां ग्वाल्हेरकरांच्या घरांत मात्र अजूनही राम वाईरकरांच्या चित्राकडे बोट दाखविले जाते. भा. रा. भागवतांच्या या बालगुप्तहेराची भूमिका १९८७ साली दूरदर्शनवरील मालिकेत सुमीत राघवन यांनी केली. परंतु मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम लष्करातील आमच्या गच्चीवरच्या अँटेनापर्यंत पोहोचत नसत. त्यामुळे तो हडकुळा, सायकलवेडा बन्या आमच्याकडे तीस वर्षे कागदावरच राहिला आणि प्रत्येकाने त्याला आपापला चेहरा व आवाज दिला.

मग २०१७ साली आदित्य सरपोतदार यांचा चित्रपट आला आणि अमेय वाघ हा चांगला वाढलेला तरुण बनेश फेणे म्हणून पुण्यात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसला. फूलबागेत मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज असे सारे गुण्यागोविंदाने नांदतात. पण तेथे संध्याकाळी फिरावयास जमणाऱ्या आम्हां मंडळींत या एका प्रश्नावर काही एकमत होईना. "भावजी, मिशा फुटल्यावर तो फेणे कसला राहिला?" हा आमच्या वहिनींचा रोकडा सवाल. निवृत्त इंजिनिअर असलेल्या आमच्या एका स्नेह्यांचे म्हणणे असे, की परीक्षेतील घोटाळा, खून असला मामला शाळकरी पोराच्या माथी मारणे आजच्या प्रेक्षकाला पटणार नाही.

वयाच्या बाबतीत मी वहिनींच्या बाजूचा. भागवतांच्या बन्याला वडीलधारी माणसे गंभीरपणे घेत नाहीत, आणि त्याचे सारे सामर्थ्य त्यातच आहे. चोराचेही लक्ष त्याच्याकडे जात नाही. तो फटीतून निसटतो, सायकलवर टांग मारतो आणि पसार होतो. हेच काम तरुणाने केले की तो इतर नायकांसारखा एक नायक होतो. अमेय वाघ यांचा अभिनय चोख आहे, त्याबद्दल वाद नाही.

तथापि या चित्रपटाने एक गोष्ट मोठ्या रसिकतेने केली. खुद्द भा. रा. भागवतांनाच त्यांनी कथेत आणले आणि ती भूमिका दिलीप प्रभावळकरांना दिली. भागवतांचा जन्म १९१० सालचा, इंदूरचा. म्हणजे ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कथा मराठी मुलांच्या हाती देणारा हा लेखक माळव्याच्या मातीतला! हे सांगताच वहिनींचा राग निम्मा उतरला.

पडद्यावरच्या चेहऱ्याला मी भितो ते निराळ्या कारणाने. सत्यजित राय यांच्या 'सोनार केल्ला' या १९७४ च्या चित्रपटात संतोष दत्त जटायू झाले, आणि पुढे राय यांनी स्वतः काढलेल्या चित्रांतील जटायूच दत्तांसारखा दिसू लागला. १९८८ मध्ये दत्त वारले, तेव्हा राय यांनी फेलूदाचे चित्रपट काढणेच थांबविले. जेथे निर्मात्याचीच ही गत, तेथे वाईरकरांच्या रेषांनी किती काळ टिकाव धरावा?

आणि आवाजाचे काय? बन्याचे ते 'ट्टॉक्' आमच्या घरात तिघे तीन तऱ्हांनी काढीत. थोरल्या बंधूंची जीभ टाळूला अशी बसे, की स्वयंपाकघरातून आई दचकून बाहेर येई. चित्रपटाने एक 'ट्टॉक्' कायमचे ठरवून टाकले.

माझा नातू हिंदी माध्यमात शिकतो. त्याला मराठी बोलणारी माणसे दिसतात ती आम्ही, म्हणजे सगळी साठीच्या पुढची. मराठी ही म्हातारपणी बोलावयाची भाषा आहे, असा त्याचा प्रामाणिक समज असावा. गेल्या सुट्टीत त्याने हा चित्रपट दोनदा पाहिला. एक चपळ तरुण मराठीत बोलतो, धावतो, थट्टा करतो, हे त्याला नवलाचे वाटले. दुसऱ्या दिवशी त्याने आपण होऊन कपाटातून 'प्रतापगडावर फास्टर फेणे' काढले. मिशांविषयीची माझी तक्रार मी तूर्त त्याच्यापुढे मांडलेली नाही.

तो 'फेणे'चा 'फेने' करतो आणि 'ळ' आला की अडखळून 'ल' म्हणतो. पण अर्थ विचारीत पुढे जातो. 'चिंकू चिंपांझी आणि फास्टर फेणे' वहिनींकडे आहे. ते मागावयास जाण्याचे तो सध्या टाळतो आहे. कारण त्या पुस्तक हाती देण्यापूर्वी त्याच्याकडून दहा वेळा 'बाळ' म्हणवून घेतात.