केंडल स्क्वेअर ते हायसीज

बॉस्टन शहरातून रेड लाइन या भुयारी मार्गाची गाडी चार्ल्स नदीजवळ काही काळ जमिनीवर येते, लाँगफेलो पुलावरून नदी ओलांडते आणि पलीकडच्या काठावर पुन्हा भुयारात शिरून केंडल स्क्वेअर या स्थानकात थांबते. केंब्रिज शहराच्या या भागात एके काळी साबणाचे, मिठाईचे आणि यंत्रसामग्रीचे कारखाने होते. आज त्याच जागांवर काचेच्या भिंतींच्या प्रयोगशाळा उभ्या असून जैवतंत्रज्ञान उद्योगाची, म्हणजे सजीव पेशी आणि त्यांतील रेणू यांना हाताशी धरून औषधे व निदानसाधने घडवणाऱ्या उद्योगाची, जगातील सर्वांत दाट वस्ती येथे आहे. या उद्योगात उतरू पाहणारे पदवीचे विद्यार्थी उन्हाळ्यात कोठे आणि कोणाबरोबर राहतात, हा प्रश्न समोर ठेवून केलेला प्रवास येथून सुरू होतो आणि उत्तरेकडे सुमारे ४५० किलोमीटरवर, मेन राज्यातील बार हार्बर गावाजवळच्या समुद्रकाठच्या एका जुन्या हवेलीपाशी संपतो.

केंडल स्क्वेअरच्या रस्त्यांवरून हिंडताना १९७६ सालचा इतिहास ध्यानात ठेवावा लागतो. एका जीवाच्या डीएनएचा तुकडा कापून दुसऱ्या जीवाच्या डीएनएत जोडण्याचे तंत्र, ज्याला पुनःसंयोजित डीएनए तंत्र म्हणतात, त्या वेळी नवे होते आणि त्यातून एखादा घातक जंतू बाहेर पडेल अशी भीती नागरिकांत होती. महापौर आल्फ्रेड वेलुची यांनी हा विषय नगर परिषदेपुढे जाहीर सुनावणीस आणला, अशा प्रयोगांना तात्पुरती स्थगिती मिळाली, सामान्य नागरिकांची एक समिती नेमली गेली आणि तिच्या अहवालानंतर फेब्रुवारी १९७७ मध्ये नगर परिषदेने प्रयोगांना अटींसह परवानगी देणारा नियम केला. शास्त्रज्ञांना तेव्हा अडथळा वाटलेली ही चर्चा पुढे उद्योगाला उपकारक ठरली, कारण काय करता येईल आणि काय नाही हे लेखी स्वरूपात ठरलेले गाव भांडवल गुंतवणाऱ्यांना सोयीचे वाटले. १९७८ साली स्थापन झालेली बायोजेन ही कंपनी याच परिसरात येऊन वाढली. ज्या समितीने हा मार्ग मोकळा केला तिच्यात प्रयोगशाळेतील तज्ज्ञ नव्हते, शेजारीपाजारी राहणारी माणसे होती, ही गोष्ट या प्रवासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

उन्हाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्ट या काळात, येथील कंपन्या पदवीच्या विद्यार्थ्यांना दहा ते बारा आठवड्यांसाठी पगारी प्रशिक्षणार्थी म्हणून घेतात. मॅसॅच्युसेट्स राज्यानेही २००९ पासून इंटर्नशिप चॅलेंज ही योजना चालवली असून तीत लहान कंपन्यांनी अशा विद्यार्थ्यांना दिलेल्या वेतनाची भरपाई राज्याच्या निधीतून होते. वेतनाची सोय अशी झाली तरी निवाऱ्याची होत नाही. बॉस्टन आणि केंब्रिज येथील घरभाडे देशातील सर्वांत महाग भाड्यांपैकी आहे, आणि बहुसंख्य भाडेकरार १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असे असल्याने उन्हाळ्यात गावी गेलेल्या विद्यार्थ्यांच्या रिकाम्या खोल्या तीन महिन्यांपुरत्या पोटभाड्याने दिल्या जातात. नदीपलीकडे बॉस्टनमधल्या बीकन स्ट्रीटवरच्या जुन्या विटांच्या घरांत एमआयटी या केंब्रिजमधील विद्यापीठाच्या विद्यार्थी मंडळांची वसतिगृहे आहेत आणि त्यांतील काही उन्हाळ्यात बाहेरच्यांना खोल्या देतात. अशा घरात प्रतिपिंडांवर, म्हणजे शरीराच्या संरक्षक प्रथिनांवर, काम करणारी मुलगी, जनुकीय माहितीचे संगणकीय विश्लेषण करणारा मुलगा आणि अर्थशास्त्र शिकून औषध कंपनीत हिशेब पाहणारा तिसरा कोणी एकाच स्वयंपाकघरात येतात खरे, परंतु त्यांना एकत्र आणणारी गोष्ट केवळ भाड्याचा दर असते. कोणाची गाठ कोणाशी पडावी याचा विचार कोणीही केलेला नसतो.

सहवासाची कल्पना कामाच्या टेबलापर्यंत नेणारी एक जागा मात्र येथे आहे. मेन स्ट्रीटवरील ७०० क्रमांकाच्या इमारतीत २०१३ साली लॅबसेंट्रल ही सामायिक प्रयोगशाळा सुरू झाली. नवजात कंपनीला पेशी वाढवण्याचे उबक, निर्जंतुकीकरणाची यंत्रे आणि उणे ८० अंशांचे शीतकपाट स्वतः विकत घेणे परवडत नाही, म्हणून अनेक कंपन्या येथे एकेक टेबल भाड्याने घेतात आणि महागडी साधने मिळून वापरतात. याच वास्तूच्या एका टोकाला १८७६ साली बॉस्टनमध्ये असलेल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्याशी दूरध्वनीच्या तारेवर झालेले दुतर्फा संभाषण ऐकले गेले होते, हे तेथील भिंतीवरच्या फलकावरून प्रवाशाला कळते.

बॉस्टनच्या साउथ स्टेशनवरून उत्तरेकडे जाणारी बस न्यू हॅम्पशायरचा चिंचोळा किनारपट्टा थोड्याच वेळात मागे टाकते, पिस्काटाक्वा नदीवरचा उंच पूल ओलांडून मेन राज्यात शिरते, आणि पोर्टलंड शहर मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना पाइन, स्प्रूस आणि बर्च यांच्या रांगा लागतात, त्या पेनॉब्स्कॉट नदीकाठच्या बँगोरपर्यंत सुटत नाहीत. बँगोरहून एल्सवर्थ गावी आले की मुख्य रस्त्यालगत एक अवाढव्य, खिडक्या नसलेली इमारत दिसते. एके काळी ती घरबांधणीच्या सामानाचे दुकान होती. २०१८ पासून तेथे बार हार्बरची जॅक्सन ही जनुकशास्त्राची प्रयोगशाळा संशोधनासाठी उंदरांची पैदास करते. पुढे ट्रेंटनजवळचा छोटा पूल ओलांडल्यावर माउंट डेझर्ट हे बेट सुरू होते. गुलाबी छटेच्या ग्रॅनाइटचे उघडे माथे, त्यांच्या पायथ्याशी गडद सदाहरित वने आणि मधूनच आत घुसलेले समुद्राचे निळे हात, असे या बेटाचे रूप आहे. त्याचा मोठा भाग अकेडिया राष्ट्रीय उद्यानात मोडतो, आणि हे उद्यान उभे राहावे म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले त्या जॉर्ज डॉर यांनीच प्रयोगशाळेसाठीही जमीन दिली.

जॅक्सन प्रयोगशाळेची स्थापना १९२९ साली क्लॅरेन्स कुक लिट्ल यांनी केली, तथापि विद्यार्थ्यांचा उन्हाळी निवास तिच्याहून पाच वर्षांनी जुना आहे. लिट्ल हे मेन विद्यापीठाचे अध्यक्ष असताना १९२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी काही विद्यार्थी बार हार्बरला आणले, तंबू ठोकले आणि परिसरातील जीवसृष्टीचा अभ्यास सुरू केला, म्हणजे आधी एकत्र राहणे आले आणि संस्था नंतर उभी राहिली. लिट्ल यांच्या चरित्रात झाकता न येण्याजोग्या गोष्टीही आहेत. सुप्रजननवादाचा, म्हणजे माणसांच्या निवडक प्रजननाने समाज सुधारता येईल या घातक मताचा, त्यांनी पुरस्कार केला आणि उतारवयात तंबाखू उद्योगाने नेमलेल्या संशोधन समितीचे ते वैज्ञानिक संचालक झाले. उद्योगात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांना या संस्थेचा इतिहास सांगायचा तर हा भाग गाळून सांगणे योग्य होणार नाही. विज्ञान आणि पैसा यांच्या संबंधांविषयीचा हा धडा त्यांना याच वयात मिळायला हवा.

प्रयोगशाळेचे काम समजून घ्यायचे तर अंतःप्रजनित वंश ही संकल्पना समजावी लागते. उंदरांच्या सख्ख्या भावाबहिणींचे मीलन निदान २० पिढ्या सलग केले की त्या वंशातील सर्व उंदीर जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखे होतात, आणि मग एका देशात केलेला प्रयोग दुसऱ्या देशात त्याच वंशाच्या उंदरावर तपासून पाहता येतो. लिट्ल यांनीच घडवलेल्या काळ्या उंदरांच्या वंशाची एक शाखा आज जगभर वापरात आहे, आणि २००२ साली उंदराचा जो जनुकसंच प्रथम प्रसिद्ध झाला तो तिचाच होता. ऑक्टोबर १९४७ मध्ये बेटावर भीषण वणवा पेटला. त्यात धनिकांच्या हवेल्यांबरोबर प्रयोगशाळाही जळाली आणि उंदरांचे वंश नष्ट झाले. तेव्हा पूर्वी येथून उंदीर नेलेल्या ठिकठिकाणच्या संशोधकांनी त्यांचे वंशज परत पाठवले आणि त्यांपासून नवी पैदास झाली. जे स्वतःजवळ साठवले होते ते आगीत गेले आणि जे वाटले होते ते उरले, ही हकीकत बार हार्बरमध्ये आजही अभिमानाने सांगितली जाते, आणि तो अभिमान सर्वथा योग्य आहे.

गावाच्या दक्षिणेस स्कूनर हेडच्या रस्त्यावर, खडकाळ कड्यावर, हायसीज ही विटांची भव्य हवेली उभी आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातील सेमिटिक भाषांचे अभ्यासक रुडॉल्फ ब्रूनो यांनी ती १९१२ च्या सुमारास बांधली आणि पुढे ती प्रयोगशाळेच्या मालकीची झाली. दहा आठवड्यांच्या उन्हाळी कार्यक्रमासाठी निवडलेले विद्यार्थी येथे राहतात. त्यांना विद्यावेतन मिळतेच, शिवाय निवास, भोजन आणि येण्याजाण्याचा खर्चही कार्यक्रमातून होतो. या एका तरतुदीमुळे हायसीजचा निवास केंब्रिजमधल्या पोटभाड्याच्या खोलीपेक्षा मुळातच वेगळा ठरतो. सकाळी ही मुले प्रयोगशाळेत जातात, उंदीर हाताळण्याची आणि त्याला यातना होऊ न देण्याची रीत शिकतात, मायक्रोपिपेटने द्रवाचा अतिसूक्ष्म अंश मोजून घेतात, प्रयोगाच्या वहीत प्रत्येक कृती तारखेसह नोंदवतात, आणि संध्याकाळी परतल्यावर अटलांटिककडे उघडणाऱ्या दालनात एकाच टेबलाभोवती जेवतात. बहिरेपणाच्या जनुकाचा शोध घेणारी आणि कर्करोगाच्या गाठींच्या प्रतिमा संगणकाकडून वाचून घेणारा शेजारी बसतात, आणि दिवसभरात कोणाचा प्रयोग का बिघडला याची चर्चा आपोआप सुरू होते. या चर्चेचे मोल फार मोठे आहे, कारण पाठ्यपुस्तकात छापलेले प्रयोग सगळे यशस्वी झालेलेच असतात, आणि बिघाडाला कसे सामोरे जावे हे सोबत राहणाऱ्या समवयस्काकडूनच खऱ्या अर्थाने शिकता येते. सुट्टीच्या दिवशी ४६६ मीटर उंचीचा कॅडिलॅक पर्वत चढणे किंवा तेलसम्राट रॉकफेलर यांचे पुत्र धाकटे रॉकफेलर यांनी बांधवलेल्या, मोटारींना मज्जाव असलेल्या दगडी वाटांवरून सायकली हाकणे, हाही या निवासाचा भाग असतो.

अशा सहवासाचे एक ठळक उदाहरण आहे. हॉवर्ड टेमिन हा मुलगा १९४९ ते १९५२ या उन्हाळ्यांत जॅक्सन प्रयोगशाळेच्या शालेय विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात होता. पुढे १९५५ च्या उन्हाळ्यात तो तेथे ज्येष्ठ मार्गदर्शकाच्या नात्याने असताना डेव्हिड बाल्टिमोर हा शाळकरी मुलगा तेथे आला आणि दोघांची ओळख झाली. पेशीतील माहिती डीएनएकडून आरएनएकडे आणि तेथून प्रथिनांकडे जाते, असे तेव्हाचे सर्वमान्य मत होते. १९७० साली टेमिन यांनी सातोशी मिझुतानी यांच्यासह विस्कॉन्सिनमध्ये आणि बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे एमआयटीमध्ये असे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, शोधले की जे आरएनएवरून उलट दिशेने डीएनए घडवते. त्याला रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे नाव मिळाले आणि १९७५ च्या नोबेल पारितोषिकात रेनातो दुल्बेको यांच्यासह दोघेही मानकरी ठरले. या शोधाचे श्रेय हवेलीच्या छपराला देणे अतिशयोक्तीचे होईल. तरीही ज्या वयात मतांचा दबाव झुगारण्याचे बळ तयार होते त्या वयात प्रश्न विचारणाऱ्यांच्या सहवासात राहायला मिळाले, एवढे निश्चित म्हणता येते. जैवतंत्रज्ञान उद्योग तर या विकरावाचून आजच्या रूपात उभा राहिला नसता. माणसाच्या जनुकात निरुपयोगी वाटणारे तुकडे मध्ये मध्ये असतात आणि जिवाणूला ते गाळता येत नाहीत. पेशीने ते गाळून तयार केलेल्या आरएनएवरून रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजच्या साह्याने डीएनएची प्रत काढली की ती प्रत जिवाणूत घालून त्याच्याकडून मानवी प्रथिन बनवून घेता येते. कोविडच्या साथीत नाकातील स्रावाची जी आरटी-पीसीआर चाचणी कोट्यवधी लोकांनी करून घेतली, तिच्या नावातील पहिली दोन अक्षरे याच विकराची आहेत. बाल्टिमोर पुढे केंडल स्क्वेअरमधील व्हाइटहेड संस्थेचे पहिले संचालक झाले, म्हणजे या प्रवासाची दोन्ही टोके एका माणसाच्या आयुष्यात आधीच जोडली गेलेली होती.

ऑगस्टमध्ये विद्यार्थी आपापले निष्कर्ष प्रयोगशाळेतील वरिष्ठांसमोर भाषणाच्या रूपाने मांडतात आणि बँगोरच्या बसने परत निघतात. त्यांतील कित्येक पुढे पदवी घेऊन केंब्रिजच्या कंपन्यांत येतील आणि पोटभाड्याच्या खोल्या शोधतील. त्या शहरात विद्यार्थ्याला यंत्र, वेतन आणि ओळखपत्र देणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत, परंतु निवासाची जबाबदारी घेणाऱ्या थोड्या आहेत. परिणामी ज्याच्या घरची माणसे तीन महिन्यांचे भाडे आगाऊ भरू शकतात त्याला उन्हाळा मिळतो, आणि दूरच्या राज्यातील सामान्य घरची मुलगी निवड होऊनही नकार कळवते. प्रयोगशाळेच्या खर्चात जसा वायूच्या नळ्यांचा आणि काचसामानाचा हिशेब धरला जातो, तसाच खोल्यांचा आणि जेवणाचा धरणे बार हार्बरमध्ये शंभर वर्षांपूर्वी तंबूंतसुद्धा शक्य झाले होते. केंडल स्क्वेअरमधील कंपन्यांची ऐपत त्या तंबूंच्या तुलनेत कितीतरी मोठी आहे, आणि बीकन स्ट्रीटवरच्या घरांत दर जूनमध्ये खोल्या रिकाम्याही होतात.