वजन कुठल्या बाजूला?

वलवणला वाढलेल्या माणसाला उंचीची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर धरण. त्यातलं पाणी कालव्याने खंडाळ्याकडे जातं आणि तिथून मोठाल्या नळांतून खाली खोपोलीला, ५०० मीटरहून जास्त खोल. तिथे ते चाकांवर आदळतं आणि वीज होते. टाटांचं हे वीजघर १९१५ साली सुरू झालं, मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. बाबा पाहुण्यांना धरण दाखवायला न्यायचे तेव्हा हे सगळं सांगून शेवटी म्हणायचे, "पाणी काही करत नाही हो, नुसतं वर असतं. तीच त्याची कमाई." पाहुणे मान डोलवायचे आणि चिक्की कुणाकडची घ्यावी ते विचारायचे.

रोलर कोस्टरचंही तसंच. साखळी डब्याला एकदा वर ओढून नेते आणि सोडून देते. पुढची सगळी धावपळ त्या उंचीच्या शिल्लकीवर.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे दिवाळीची सुट्टी. दादा-वहिनी मुलाला घेऊन ठाण्याहून आले, आम्ही पुण्याहून. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. आई वलवणच्या घरात एकटी असते. आजूबाजूला सगळे शनिवार-रविवारचे बंगले, सोमवारी सकाळी आळीत चिटपाखरू नसतं. पावसाळ्यात चार महिने कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते. दादाचं म्हणणं, घर विकू, आई ठाण्याला येईल. माझं म्हणणं, घर ठेवू. भाऊबीजेच्या आदल्या रात्री यावरून बरंच बोलणं झालं, आणि भाऊबीजेला अजिबात झालं नाही. ओवाळून घेतलं, ताटात पाकीट पडलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी मुलांनी पार्कात जायचा हट्ट धरला. (नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात नको :-) ) तिथे एक फिरता रोलर कोस्टर होता. 'फॅमिली राइड' अशी पाटी. गोल डबा, चार माणसं, आणि रुळांवर धावता धावता डबा स्वतःभोवतीही गरगरतो.

मला वाटलं होतं, खाली मोटर असेल. रांग मोठी होती, म्हणून डबा नीट निरखून पाहिला. फिरवायला काहीच नाही! डबा नुसता मधल्या खुंटावर मोकळा बसवलेला. वळणावर रूळ वळतो, पण डब्यातलं वजन सरळच जाऊ पाहतं. ते वजन खुंटाच्या एका बाजूला जास्त असेल तर डबा त्या बाजूने भिरभिरतो. चौघं अगदी तोलून बसले तर फारसा फिरत नाही. म्हणजे कोण कुठे बसलंय, एवढ्यावर सगळा खेळ. आणि त्यातही दोन फेऱ्या सारख्या होत नाहीत. अमेरिकेतल्या जत्रांमध्ये १९२६ साली शोधलेला 'टिल्ट-अ-व्हर्ल' नावाचा असाच मोकळ्या डब्यांचा पाळणा आहे. १९९४ साली दोन शास्त्रज्ञांनी त्याचं गणित मांडलं, तेव्हा निघालं की नियम सगळे ठाऊक असूनही डबा पुढे कुठे वळेल ते फार लांबपर्यंत सांगता येत नाही. सुरुवातीचा केसाएवढा फरक वाढत वाढत जातो.

आमचा नंबर आला. वहिनीला गरगरतं, माझ्या नवऱ्याने पिशव्या सांभाळायचं पुण्यकर्म पत्करलं. उरलो दादा, मी आणि दोन मुलं. ऑपरेटर पोरगा म्हणाला, "दोन्ही मोठे एका साइडला बसा, जास्त मजा येते." दोघांनाही नाही म्हणता येईना. मांडीवर दांडा आला.

पहिल्याच वळणाला डबा सुटला. आम्ही उलटे जात होतो, मग आडवे, मग पुन्हा उलटे. या घाटाला उलटं जाण्याची जुनी सवय आहे म्हणा. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हा वाटेत एका स्टेशनावर इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे. तोवर तोंड पुढे करून बसलेल्यांची पाठ पुढे व्हायची. गाडी मात्र पुण्याकडेच चाललेली असायची.

मुलं किंचाळत होती. दादाही. मग एका वळणाला तो ओरडला, "अगं, कुठे चाललोय आपण!" आणि मला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. तोही हसायला लागला. लहानपणी जेवताना हसल्याबद्दल दोघांना ताटावरून उठवलं जायचं, तसलं हसू.

खाली उतरून घराचा प्रश्न सुटला असं मात्र काही झालं नाही. दादा अजून विकायच्या बाजूला आहे, मी ठेवायच्या. पण त्या रात्री अंगणात बसून आम्ही तासभर शांतपणे बोललो. त्याला रात्री-अपरात्री फोन वाजला की धडधडतं, आईला काही झालं असेल म्हणून. हे त्याने पहिल्यांदाच सांगितलं. मी म्हटलं, मला ते घर नसलं तर माहेर कुठलं हे सांगता येणार नाही. दोन्ही वजनं खरीच आहेत.

आई आत लसूण सोलत होती. बाहेर येऊन म्हणाली, "तुमचं होऊ दे बोलून. पुढचा पावसाळा मी इथेच काढणार आहे. छपराची कौलं तेवढी बघून घ्या."

दादा, कौलांवर माणूस येत्या रविवारी येतोय. मी असेनच. तुलाही जमलं तर ये.